मोतीमहालातली दुपार

यल्लव्वाला बसायला जागा लागायची ती दारात. चिकपेटात सुब्बारावांच्या साड्यांच्या दुकानाबाहेर, पायरीला चिकटून, तिचं फॉल-पिकोचं मशीन होतं. समोर माणसांचा लोंढा, हातगाड्या, स्कूटरी, डोक्यावर गठ्ठे घेऊन ओरडत जाणारे हमाल. उन्हाळ्यात धूळ, पावसात शिंतोडे. सुब्बारावांच्या चार पिढ्या बंगळुरात गेल्या होत्या, घरात मराठी होती पण अर्धी कानडीत बुडालेली. ते तिला कितीदा म्हणाले असतील, "अक्का, आत ये की. मागच्या खोलीत फॅन आहे, लाइट आहे. स्वल्प आरामात बस."

"सरी अण्णा, बघते," ती म्हणायची.

एकदा तिनं खरंच बघितलं. मशीन मागच्या खोलीत नेलं, एका साडीला फॉल लावायला घेतला, आणि अर्ध्यातच ती साडी तशीच कवटाळून बाहेर आली. कपाळावर घाम, छाती धपापलेली. गिऱ्हाइकं बघत राहिली. सुब्बारावांनी तिला पाणी दिलं आणि मशीन पुन्हा पायरीशी आणून ठेवलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

बंद जागा तिला सोसत नसे. लग्नाच्या हॉलमध्ये ती दाराजवळची खुर्ची धरायची. सिनेमा तिनं आयुष्यात पुरता पाहिला नव्हता. चिकपेटची मेट्रो जमिनीखाली आहे म्हणून ती त्या जिन्याकडे फिरकायची नाही. एसी बसची दारं बंद होतात म्हणून साध्या बसची वाट बघत उभी राहायची, मग कितीही वेळ लागो.

ती मूळची फत्तेखेडची. कलबुर्गीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेलं किल्ल्याचं गाव. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दोन्ही. लग्न होऊन ती बंगळुरात आली. नवरा दयानंद पीण्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. कॉटनपेटेच्या गल्लीत दोन खोल्या. पहिल्याच रात्री त्यानं दाराला कडी लावली आणि ही उठून बसली. त्यानं विचारलं, समजावलं, थोडा रागावलाही. शेवटी वैतागून त्यानं दार उघडलं, उंबऱ्यालगत आडवी चटई टाकली आणि म्हणाला, "चोर आला तर आधी माझ्या अंगावर पाय देईल. आता तरी झोप." पुढं खाट आली, तीही तिथंच लागली. जन्मभर तो दारात झोपला. तो गेल्यावर त्या खाटेवर यल्लव्वा झोपायला लागली.

मुलगी प्रणिता शिकली, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागली, तिथंच नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. लिफ्ट होती. यल्लव्वा जिन्यानं चढायची, म्हणून क्वचितच जायची.

हे सगळं असंच चालून गेलं असतं. पण साठीच्या अलीकडे तिचा उजवा हात दगा द्यायला लागला. आधी बोटांना मुंग्या. मग सुई हातातून गळायची. एक दिवस एका गिऱ्हाइकाची भारी रेशमी साडी मशीनखाली भलतीकडंच ओढली गेली, आणि तिला ते कळलंच नाही, कारण बोटांना काही जाणवलंच नाही. त्या दिवशी ती घाबरली.

डॉक्टरांनी मान तपासली. मणक्यातली नस दबलेली दिसते म्हणाले. ऑपरेशन लागेल, पण त्याआधी एमआरआय. नेमकं कुठं आणि किती दबलंय ते बघितल्याशिवाय हात लावता यायचा नाही.

पहिल्या खेपेला ती त्या यंत्रापर्यंत गेली. आडवी झाली. पाळण्यासारखी ती फळी आत सरकायला लागली आणि पांढरी भिंत तिच्या नाकासमोर आली. ती जी किंचाळली, ते बाहेर बसलेल्या प्रणिताला ऐकू आलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन झोपवू. ती म्हणाली, "आणि आत जाग आली तर?" कुणी काही सांगायच्या आत ती हॉस्पिटलच्या झग्यातच, अनवाणी, कॉरिडॉर ओलांडून रस्त्यावर आली होती. फाटकाजवळच्या शहाळीवाल्यानं तिला आपल्या स्टुलावर बसवलं होतं. प्रणिता तिच्या चपला आणि साडी हातात घेऊन धावत आली.

त्या दिवशी प्रणितानं तिला आपल्या घरी नेलं. लिफ्ट समोर उघडी होती, तरी दोघी जिना चढायला लागल्या. पाचव्या मजल्यावर यल्लव्वा पायरीवर बसली. प्रणिता भिंतीला टेकून उभी राहिली.

"अम्मा, हात गेला तर मशीन कसं चालवणार?"

"पायानं."

"मी मस्करी करत नाहीये. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला तर पायातली ताकदही जाईल."

यल्लव्वा बोटं चोळत म्हणाली, "मला जमत नाही बघ. मुद्दाम करते असं वाटतं का तुला?"

"नाही वाटत. पण हे कधीपासून आहे? पप्पांनीही कधी सांगितलं नाही. सुरुवात कुठून झाली?"

आणि तिथं, जिन्यात, यल्लव्वानं लेकीला पहिल्यांदा सांगितलं. फत्तेखेडच्या किल्ल्यात बहमनी काळातला एक महाल आहे, लोक त्याला मोतीमहाल म्हणतात. ती दुसरी-तिसरीत असताना शाळेनं मुलांना तो दाखवायला नेलं. सगळे बाहेर पडले, ती आत राहिली आणि दाराला कुलूप लागलं. संध्याकाळी माणसं शोधत आली तेव्हा ती सापडली. "अंधार. भिंती. मी ओरडत होते आणि कुणी येत नव्हतं. एवढंच आठवतं. तेव्हापासून आहे हे."

प्रणिता तिच्या शेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "आपण जाऊया तिथं."

"वेड लागलंय का तुला?"

"एकदा बघून येऊ. दार उघडं असेल, मी असेन. मामा असेल."

"नको."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. यल्लव्वा मशीनवर बसायची आणि उठायची. पायरीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून पायरीवर. सुईत दोरा ओवायची, तो सुटायचा. सुब्बारावांनी काम दुसरीकडं द्यायला सुरुवात केली होती, पण तिला तसं सांगत नव्हते, आणि तिला ते कळत होतं. घरी गेल्यावर भाजी चिरताना सुरी बोटांतून निसटायची. एका सकाळी तिनं स्वतःच प्रणिताला फोन केला. "कधी जायचं?" आणि प्रणिता काही बोलायच्या आत, "लवकर ठरव. नाहीतर माझं मन फिरेल."

गाडीत ती बर्थवर आडवी झालीच नाही. डब्याच्या दाराशी, वाऱ्यात, पोत्यावर बसून राहिली. कलबुर्गीला उतरून पुढं बसनं फत्तेखेड. स्टँडवर तिचा थोरला भाऊ पिराजी घ्यायला आला होता. सत्तरीला टेकलेला, धोतर, डोक्याला टॉवेल. त्यानं बहिणीकडं पाहिलं, तिच्या हाताकडं पाहिलं.

"मोतीमहाल बघायला इतक्या लांबून आलीस? तुला तर त्याचं नाव घेतलेलं चालत नव्हतं."

"चालत नाहीच. म्हणून तर आलेय."

पिराजीला ते नीटसं समजलं नाही, पण त्यानं रिक्षा केली.

किल्ल्यात मोतीमहालाच्या दाराला कुलूप होतं. तिथला पहारेकरी जेवायला गेला होता. समोर चिंचेच्या झाडाखाली बाक होतं. प्रणिता बसली, पिराजी बसला. यल्लव्वा बसली नाही. दारापासून चिंचेपर्यंत, चिंचेपासून दारापर्यंत येरझाऱ्या. मध्येच म्हणाली, "चला परत." दोघं उठले, तर म्हणाली, "थांबा." मग पुन्हा चालायला लागली. प्रणितानं पाण्याची बाटली पुढं केली, ती तिनं घेतली आणि न पिता हातात धरून फिरत राहिली. शेवटी ती खरंच फाटकाकडं निघाली होती, तेवढ्यात पहारेकरी आला. महांतेश त्याचं नाव, तरुण होता, ढेकर देत देत किल्ल्या काढत होता.

"दार उघडंच ठेवशील ना?" तिनं कानडीत विचारलं.

"उघडंच असतंय, अम्मा."

दार कुरकुरत उघडलं. आत गारवा आला अंगावर. वटवाघळांचा वास, जुन्या लाकडाचा वास. यल्लव्वा उंबऱ्यावर थांबली, एक पाय आत, एक बाहेर. प्रणितानं तिचा डावा हात धरला.

दिवाणखाना तिला वाटलं होतं त्याहून लहान होता. सागवानी खांब, कमळासारखे कोरलेले, वर एकमेकांना भेटणाऱ्या कमानी. भिंतींच्या खालच्या भागावर फरशांचे तुकडे राहिलेले, निळे, हिरवे, हळदीसारखे पिवळे. बाकीच्या जागी नुसता चुना. आणि समोर आतल्या दालनाची चौकट, काळ्याभोर दगडाची. त्या दगडात शिंपल्यांचे कापलेले बारीक तुकडे बसवलेले. वेली, पानं, फुलं, आणि वर फारसीतल्या ओळी. दारातून येणारा उजेड त्या काळ्यावर पडला होता, आणि आपण जरा मान हलवली की ते शिंपले हिरवे व्हायचे, मग गुलाबी, मग नुसतेच दुधासारखे.

यल्लव्वाच्या तोंडून आवाज निघाला, "अगं बाई."

तिनं प्रणिताचा हात सोडला. चौकटीजवळ गेली. मान डावीकडं झुकवली, उजवीकडं झुकवली. मान दुखत होती, तरी.

"मी असंच करत होते," ती म्हणाली.

"काय?"

"मान. मान अशी केली की रंग बदलतो. बाई सगळ्यांना बाहेर नेत होत्या. मला जायचं नव्हतं." ती हळूहळू वळली आणि कोपऱ्यातल्या एका खांबाकडं बघू लागली. "मी त्याच्यामागं लपले होते. मला कुणी विसरलं नव्हतं. मीच लपले होते, अजून बघायला."

प्रणितानं मामाकडं पाहिलं. पिराजीनं मान डोलावली, जणू यात नवीन ते काय.

"शोधत आलो तेव्हा तू त्या चौकटीपाशीच होतीस," तो म्हणाला. "झोपली होतीस, उंबऱ्यावर डोकं टेकून. बाबांबरोबर मी पण होतो. उठवलं तर हसलीस."

यल्लव्वा त्याच्याकडं बघत राहिली. "नाही. मी ओरडत होते."

"इथं? इथं कुठं ओरडलीस? खिडक्यांतून उजेड होता, त्या आता बुजवल्यात बघ. ओरडलीस ते घरी."

"घरी?"

पिराजीनं टॉवेलनं तोंड पुसलं. "गावात बोलायला लागले की. पोर दिवसभर मोतीमहालात एकटी होती, आत काहीतरी असतंय, हिला लागलं असणार. आई घाबरली. कुणीतरी तिला सांगितलं, पोरीला उजेड दाखवू नका, माणूस दाखवू नका, म्हणजे उतरतंय. मग तुला ज्वारीच्या खोलीत ठेवलं. आठवडाभर तरी असेल. दार लावून. मी ताट द्यायचो फटीतून. तू ओरडायचीस, हातानं दार बडवायचीस. आई बाहेर बसून रडायची आणि उघडायची नाही."

वर कबुतर फडफडलं. महांतेशला मराठी थोडी कळत होती. तो खाली बघत किल्ल्यांशी चाळा करत राहिला.

"अण्णा," यल्लव्वा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "इतकी वर्षं का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे." पिराजी खरोखरच गोंधळला होता. "कोंडलं तुला. तुला ठाऊक नसेल असं कोण म्हणेल?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. ज्वारीचा वास. तो तिला आत्ता आला, असा की ठसका लागला. खरखरीत पोती, पायाखाली सांडलेले दाणे, दाराखालची उजेडाची रेघ, आणि त्या रेघेत आईच्या पायाची बोटं. जोडवी घातलेली. तिनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. प्रणिता शेजारी बसली.

बऱ्याच वेळानं यल्लव्वा उठली. महांतेशकडं गेली.

"दार लाव."

"अम्मा?" प्रणिता उभी राहिली.

"लाव म्हणते ना."

"आत माणसं असताना लावता येत नाही, अम्मा," महांतेश म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून, "नुसतं लोटतो. कुलूप नाही. मी पण आतच थांबतो."

त्यानं दार लोटलं. दिवाणखाना एकदम खोल झाला. यल्लव्वाचे पाय दाराकडं वळले. वळलेले पाय तसेच रोखून ती उभी राहिली. दाराच्या फळ्यांमधून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि काळ्या दगडावर तिरकी पडली होती. त्या पट्टीतले शिंपले पेटल्यासारखे दिसत होते, बाकी सगळा अंधार. ती त्या पट्टीकडं बघत राहिली. जमेल तेवढं बघितलं. मग म्हणाली, "उघड, उघड," आणि महांतेशनं चटकन दार ओढलं. ती बाहेर येऊन चिंचेखाली ओकली.

पण ओकून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि पुन्हा आत गेली, एकटी. आत काय केलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी तिला जुनं घर बघायचं होतं. पिराजी म्हणाला, आता तिथं काही नाही. खरंच नव्हतं. ज्वारीच्या खोलीच्या जागी भाच्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, काचेचं, रंगीत दिव्यांचं. भाच्यानं आत्याला खुर्ची दिली, चहा मागवला. यल्लव्वा त्या झगझगीत दुकानात उभी राहून भिंती बघत होती. राग आला होता, आणि तो टाकायला जागाच नव्हती. आई जाऊन वीसेक वर्षं झाली होती. ज्यानं तो उपाय सांगितला तो कोण होता, पिराजीलाही आठवत नव्हतं. चहा तिनं उभ्या उभ्याच प्यायला.

"आई वाईट नव्हती गं," पिराजी रस्त्यात म्हणाला.

"मी कुठं म्हटलं वाईट होती?" ती तुटकपणे म्हणाली, आणि पुढं चालायला लागली, इतकी भरभर की दोघांना गाठता येईना.

बंगळुरात परतल्यावर तिसऱ्या खेपेला ती हॉस्पिटलात गेली. सगळं सोपं झालं असं नाही. हातात रबरी फुगा दिला होता, घाबरलात तर दाबा म्हणून. फळी आत सरकली आणि पांढरी भिंत नाकासमोर आली आणि तिनं फुगा दाबला. त्यांनी बाहेर काढलं. ती बसली, पाणी प्याली, तंत्रज्ञ मुलीला म्हणाली, "मला कुणी कोंडत नाहीये ना?" ती मुलगी आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं, ती गंभीर झाली. "नाही, अम्मा. मी काचेपलीकडंच आहे. म्हणाल तेव्हा काढते." यल्लव्वा पुन्हा आडवी झाली. आत ठोकल्यासारखे आवाज येत होते. तिच्या पायांची बोटं सारखी हलत होती, आणि त्या मुलीला माईकवरून सांगावं लागलं, हलू नका. ती हलायची थांबली. बाहेर आली तेव्हा झगा घामानं चिंब होता, आणि प्रणिता रडत होती, आणि ती स्वतः रडत नव्हती.

ऑपरेशन झालं. बोटांत जाणीव परत आली, पूर्ण नाही; अंगठा आणि तर्जनी चांगली, बाकीची अर्धवट. सुई धरता येते. जास्त वेळ मशीन चालवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि रिकामं बसणं तिला येत नाही, म्हणून दुपारी ती मशीन झाकून कुठंतरी निघते. कधी मार्केटापलीकडच्या टिपूच्या राजवाड्यात जाऊन रंगवलेले लाकडी खांब बघत उभी राहते, कधी जुन्या पेठेतल्या एखाद्या देवळाच्या मंडपात. सुब्बाराव गिऱ्हाइकांना सांगतात, "अक्का बघायला गेलीय. काय ते विचारू नका."

रविवारी पिराजीचा फोन येतो. पहिल्यांदा तो इकडचं तिकडचं बोलतो, पाऊस, तुरी, भाच्याचं दुकान. मग जरा थांबून विचारतो, "राग गेला का आईवरचा?"

"नाही," यल्लव्वा म्हणते.

"बरं. जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणते, आणि फोन कानाला धरूनच गल्लीत इकडून तिकडं चालत राहते.